सल्ला हवा: नाशिक-पुण्याच्या दोस्तांना तीन दिवसांत कोल्हापूर कसं चाखवू?

दसरा_चौक

राम राम मंडळी,

मागच्या फेब्रुवारीत आमचा कॉलेजचा कंपू नाशिकला जमला होता. तिथल्या दोस्तानं दोन दिवस गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनरी फिरवल्या. हंगाम ऐन भरात होता. क्रेटच्या क्रेट द्राक्षं उतरत होती, आत स्टीलच्या उंच टाक्या, हात लावला तर बर्फागत गार. माहिती देणाऱ्या पोरीनं पेला तिरका धरून आधी रंग बघायला लावला, मग वास, मग घोट. तीच द्राक्षं, पण टाकीतली वाइन वेगळी आणि लाकडी पिंपातली वेगळी, हे जिभेलाच कळलं. मी फारसा पिणारा नाही. पण आपल्या मातीत काय पिकतं आणि त्याचं पुढं काय होतं, हे कुणी इतक्या मायेनं दाखवावं, हे मनात घर करून राहिलं.

आता पाळी माझी. २४ ते २६ जानेवारी, शनि-रवि-सोम. सहा पाहुणे: दोघं नाशिकचे, तिघं पुण्याचे, एक नागपूरची. त्यातला एक पक्का शाकाहारी, एकीला तिखट सोसत नाही. अंबाबाई, न्यू पॅलेस, रंकाळा होईलच. हॉटेलांची यादी माझ्याकडं पण आहे, पण नुसतं या हॉटेलातून उठून त्या हॉटेलात बसणं नको वाटतंय. आपल्या बाजूला वायनरी आहे का? नसली तर तिच्या तोडीचं काय दाखवू? आणि मटण कुठं, हे तर सांगाच.

पेठेतला

भावा, फार डोकं लावू नको. सकाळी फडतरेची मिसळ, दुपारी मटण, संध्याकाळी खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ, रात्री सोळंकीचं कॉकटेल. नाशिककरांना सांग, आमच्या कॉकटेलमध्ये आईस्क्रीम आणि फळं असतात. जगात भारी!

तासगावकर

वायनरीचं म्हणाल तर शासनाचं २००१ चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं तेव्हा दोन वाइन पार्क ठरले होते, एक नाशिककडं विंचूरला आणि दुसरा आमच्या सांगली जिल्ह्यात पलूसला. पण आमच्याकडची द्राक्षं मुख्यतः खायची आणि बेदाण्याची. नाशिककरांना बाग दाखवून काय नवल वाटणार? बेदाणा शेड मात्र दाखवण्यासारखी असते. घड द्रावणात बुडवून सावलीत जाळीच्या मजल्यांवर पसरतात, पंधरा-वीस दिवसांत हिरवट-पिवळा बेदाणा तयार. फक्त त्याचा जोर फेब्रुवारीच्या पुढं. जानेवारीत आलात तर शेड रिकामी दिसेल, म्हणून या खेपेला नको.

गुळव्याची_लेक

दादा, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. वायनरीच्या तोडीचं काय, असं विचारताय आणि जानेवारीत करवीर-पन्हाळ्याच्या वाटांवर धूर निघत असतो तो काय असतो? गुऱ्हाळ दाखवा, उसाच्या रसाचा गूळ करतात ते. माझे वडील तीस वर्षं गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारे, होते. मी काहिलीजवळच, रस उकळायच्या त्या मोठ्या कढईजवळच, लहानाची मोठी झाले.

नीट दाखवायचं असेल तर सुरुवातीपासून दाखवा. बहुतेक लोक अकरा वाजता येतात, गरम गूळ चाखतात, फोटो काढतात आणि जातात. त्यात काही कळत नाही. एका काहिलीच्या उकळीला आदण म्हणतात. घाण्यातून रस येऊन काहिलीत पडल्यापासून गूळ वाफ्यात, म्हणजे गार करायच्या उथळ हौदात, ओतेपर्यंत अडीच-तीन तास धरा. आदल्या दिवशी मालकाला फोन करून विचारा, "सकाळचं आदण कधी चढतंय?" आणि त्या वेळेला हजर राहा. पहाटेचं असेल तर उत्तम. थंडीत चुलवाणापाशी, काहिलीखालच्या भट्टीपाशी, उभं राहण्यासारखं सुख नाही.

काय बघायचं ते सांगते. चुलवाणात वाळलेली चिपाडं सारणारा असतो तो जळव्या. त्याचा हात सैल पडला तर आदण रेंगाळतं आणि गुळाला रंग येत नाही. रस तापला की त्यात रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. तो मळी धरून वर आणतो. काळपट-हिरवी साय जमते, ती झाऱ्यानं काढून टाकायची. मग रस लख्ख होतो आणि पिवळाधमक फेस वर येतो. त्याच्याही आधी, रस कोमट असताना एक पेला मागून घ्या. पुढं काकवीच्या, म्हणजे दाट पाकाच्या, टप्प्याला एक वाटी, आणि शेवटी वाफ्यातला गरम गूळ. एकाच उसाच्या तीन चवी. तुमच्या नाशिकच्या पोरीनं जे टाकी आणि पिंपाचं दाखवलं, तेच हे.

खरी गंमत शेवटच्या पाच मिनिटांची. काकवी साधारण १०५ अंशांना उतरते, गूळ ११८ च्या आसपास. पण गुळव्या थर्मामीटर लावत नाही. वडील फेसाचे बुडबुडे बघायचे, मग पाक गार पाण्यात सोडून बोटांनी त्याची गोळी करायचे. गोळी भांड्यावर आपटून टणक आवाज आला की हाक द्यायचे आणि चार माणसं मिळून काहील ओढायची. अर्धा मिनिट उशीर झाला तर गूळ करपला. त्या वेळी कुणी गुळव्याशी बोलत नाही, पाहुण्यांनाही तेवढं सांगून ठेवा.

विकत घेताना पिवळाधमक, सोन्यासारखा गूळ शोधू नका. रंग उजळायला हायड्रॉस पावडर घालतात, आणि काही ठिकाणी गुळात साखर मिसळतात. तपकिरी गूळ घ्या, चाखून घ्या, खारट लागला तर ठेवून द्या. आणि दादा, गावात आधीसारखी गुऱ्हाळं राहिली नाहीत. ऊस कारखान्याला जातो, गुळवे मिळत नाहीत. जी चालू आहेत त्यांच्याकडून दोन किलो जास्त घ्या.

दसरा_चौक

ताई, काय लिहिलंय! पस्तीस वर्षं कोल्हापुरात काढली, पण आदण चढल्यापासून उतरेपर्यंत कधी उभा राहिलो नाही. गुऱ्हाळवाले बाहेरच्या माणसांना थांबू देतात का? पैसे किती द्यायचे? आणि सहाजणांचं तिथं खाणं काय?

गुळव्याची_लेक

देतात की. आधी विचारून गेलात तर खाट टाकून बसवतात. रसाचे-काकवीचे पैसे कुणी मागत नाही. गूळ आणि काकवी घ्या, जळव्या आणि घाण्यावरच्या पोराच्या हातात चहापाण्याला काही ठेवा. खायला शेंगदाणे आणि सुकं खोबरं घरून न्या, गरम गुळाबरोबर दुसरं काही लागत नाही. आमच्याकडं रताळी धुऊन फडक्यात बांधून उकळत्या रसात सोडायचे. मालक हो म्हणाला तर करून बघा. तुमच्या शाकाहारी दोस्ताला ती आयुष्यभर आठवतील. लहान पोरं बरोबर असली तर काहिलीपासून लांब धरा, कठड्याला भरवसा नसतो.

शाहूपुरीचा_अडत्या

ताईंनी गुऱ्हाळ सांगितलं, मी पुढचं टोक सांगतो. शाहूपुरी ही पेठच शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसवली. आता सौदे शाहू मार्केट यार्डात निघतात. ३० किलोच्या रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्प्या, त्याच्यावर बोली, रव्याला सुरी खुपसून कण बघणारे व्यापारी. शनिवारी सकाळी पाहुणे आलेले असतील तर आणा. रविवार-सोमवार सुट्टीचे, तेव्हा उपयोग नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हेही त्यांच्या कानावर घाला.

खानावळीची_काकू

आता मटणाचं. बाळा, रविवारी खा. शनिवारी आणि सोमवारी निम्मं कोल्हापूर खात नाही, रविवारी मात्र दारोदार पातेलं चढलेलं असतं. पद्मा गेस्ट हाऊस, ओपल, देहाती ही नावं सगळे घेतील आणि चुकीची नाहीत. रविवारी दीडनंतर गेलात तर मात्र उभं राहावं लागेल, बाराला जा.

माझं सांगणं वेगळं आहे. ताट आलं की सगळे तांबड्या रश्श्यावर तुटून पडतात. आधी पांढरा रस्सा प्या, वाटीनं, भाकरी न मोडता. मटणाचं आळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखट पाणी, त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू, आणि आख्खा मसाला. त्यात तिखट नावाला असतं, म्हणून तिखट न सोसणाऱ्या पोरीचं जेवण पांढऱ्यावर आणि आळणी भातावर झकास होतं. तिला आधीच सांगून ठेव, नाहीतर 'कोल्हापुरी' ऐकूनच बिचारी दही-भात मागेल. बाहेरगावी लाल तेलाला कोल्हापुरी म्हणतात. आपल्या तांबड्यात कांदा-लसूण चटणी भाजून मुरलेली असते, ती जीभ जाळत नाही, घाम आणते.

एकदा हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात नणंदेच्या माणसांना घेऊन गेले होते. पांढरा आला तो पिठानं दाटवलेला, वर क्रीम. मला रडू यायचं बाकी होतं. तेव्हापासून पाहुण्यांना न्यायच्या आधी एकदा स्वतः जाऊन पांढरा चाखते. तो पातळ असतो, चमच्यावरून ओघळतो. दाट आला की समज.

बावड्याचा_वाघ

मिसळीला फडतरे चांगलीच, पण सुट्टीच्या दिवशी रांग बघितली का? सहाजणांना घेऊन कसबा बावड्याला ये. कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, वेगळा मागून घे, ब्रेड बुडवून खायला लाव. पाव मागतील, देऊ नको. नाशिकची मिसळ पण मी खाल्लीय, पापड-दह्याची, चांगली असते. दोन्हीची तुलना करायला लावू नको, ताटावर भांडणं होतात.

गोदाकाठचा_करवीरकर

मी मूळचा नाशिकचा, नोकरीमुळं नऊ वर्षं इथं. तुमचे नाशिकचे दोस्त बाटल्या आणणार हे धरूनच चाला, म्हणून सांगतो. तांबड्याबरोबर शिराझ किंवा कॅबरने उघडू देऊ नका. लाल वाइनचा तुरटपणा आणि जास्तीचं अल्कोहोल, दोन्ही तिखटाला पेटवतात. शेनिन ब्लां किंवा रीसलिंग ही पांढरी वाइन घ्या, किंचित गोडसर असलेली, चांगली गार करून. पांढऱ्या रश्श्याबरोबर ती फार सुंदर जाते, मी घरी कितीदा घेतलीय. आणि लक्षात ठेवा, सोमवारी २६ जानेवारी, ड्राय डे. विक्री बंद, हॉटेलातही मिळणार नाही.

आणि एक. नाशिक व्हॅली वाइनलाही २०१० पासून मानांकन आहे. त्या दोस्ताला काहिलीपाशी उभं करा आणि द्राक्षाची तोडणी कधी, ऊस किती महिन्यांचा, पाणी कधी तोडता, हे त्याला गुळव्याशी बोलू द्या. शेतकऱ्याच्या घरातला असेल तर तासभर हलणार नाही.

कुरुंदवाडची_सून

सोमवारी गाडी वाडीला वळवा. नरसोबाची वाडी, कृष्णा-पंचगंगेचा संगम, मग कुरुंदवाडची बासुंदी. वाडीत कवठाची बर्फी मिळते, ती घरी न्यायला. तिथून खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ बघा. स्वर्गमंडपाच्या ४८ खांबांमध्ये उभं राहून वर उघडं आभाळ बघायचं. पुण्याला जाणारे तिथूनच सांगलीमार्गे निघू शकतात. शाकाहारी दोस्तासाठी हा दिवस, त्याला रविवारभर भाकरी-खर्ड्यावर ठेवलं तर बरं दिसत नाही.

पेठेतला

सोमवारी सकाळी जिलेबी विसरू नको भावा! २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जिलेबी नाही असं घर दाखव कोल्हापुरात. चौकाचौकात कढया असतात. झेंडावंदन करून पुडा घ्यायचा. आणि शनिवारी संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून पेला हातात देतात, तो फेसाचा पेला त्या नागपूरच्या पाव्हणीला पाज.

दसरा_चौक

मंडळी, पाहुणे काल परतले. थोडक्यात सांगतो, कारण विचारणारे पुढंही येतील.

शनिवारी ते अकराला पोचले, यार्डातले सौदे हुकले. संध्याकाळी रंकाळा आणि दूध कट्टा. रविवारी पहाटे पाचला पन्हाळा रस्त्याच्या एका गुऱ्हाळावर. थंडी कडक. ताईंनी सांगितल्याप्रमाणं कोमट रस, काकवी, गूळ, तिन्ही चाखलं. रताळीही सोडली. नाशिकच्या दोस्तानं पाचव्या मिनिटाला फोन खिशात ठेवला. गुळव्यानं पाण्यातली गोळी उचलून त्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "दाबा." त्यानं दाबली. "मऊ हाय अजून." दोन मिनिटांनी दुसरी गोळी ठेवली. तीही दाबली, आणि या खेपेला गुळव्याच्या आधी तोच म्हणाला, "झालं." गुळव्यानं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि हाक दिली.

तिथून पन्हाळ्यावर झुणका-भाकर, खाली येऊन मटण तीन वाजता, म्हणजे काकूंचं न ऐकून पाऊण तास उभे राहिलो. पांढरा पातळ होता. तिखट न खाणारीनं चार वाट्या घेतल्या. सोमवारी जिलेबी, वाडी, बासुंदी. खिद्रापूर राहिलं.

गुळाचे पाच-पाच किलोचे चार रवे गेले. काकवीची बाटली मात्र डिकीत आडवी पडून सांडली. नेणार असाल तर झाकणाखाली प्लास्टिक लावून, उभीच, दोन पायांमध्ये धरून न्या.