सनी बॉय विल्यमसन (पहिला): माउथ ऑर्गनवर सूर दबत का नाही?

कृष्णाकाठ, सांगली
अमेरिकन ब्लूज (कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) गायक आणि माउथ ऑर्गनवादक सनी बॉयचं १९३७ चं 'गुड मॉर्निंग, स्कूल गर्ल' हे गाणं बसवतोय. हाताशी २४ भोकांचा ट्रेमोलो (जोड-रीडचा माउथ ऑर्गन) आहे. चाल सापडते, पण सूर खाली ओढला जात नाही. शिवाय नेटवर याच नावाने एक हॅटवाला, दाढीवाला दिसतो. तो हाच का?

पेटीवाला_मिरज
तो राइस मिलर. १९४१ पासून आर्कान्सातल्या हेलेनाच्या रेडिओवर हेच नाव लावून वाजवायचा, तेही मूळ माणूस हयात असताना! तुमचा सनी बॉय म्हणजे जॉन ली कर्टिस विल्यमसन. जन्म १९१४, टेनेसीतल्या जॅक्सनजवळचा. १९४८ च्या जूनमध्ये शिकागोत रात्री घरी परतताना लुटारूंनी मारला, वय फक्त ३४.

ट्रेमोलो बाजूला ठेवा. त्यात प्रत्येक रीडला (आवाज काढणाऱ्या धातूच्या पातळ पट्टीला) वेगळा कप्पा असतो. सूर नीट दबायला, म्हणजे खाली ओढला जायला, फुंकेची (हवा फुंकल्यावर वाजणारी) आणि ओढीची (हवा आत ओढल्यावर वाजणारी) रीड एकाच कप्प्यात लागते. १० भोकांचा डायटॉनिक (एकाच पट्टीचा साधा माउथ ऑर्गन) घ्या, पांढरी एकचा (C).

कोमल_नी
आणि पांढरी एक घेतलात तरी सा तिथे धरू नका. सा पांढरी पाचवर (G), म्हणजे २ नंबरच्या भोकाची ओढ. मग ३ ओढ शुद्ध ग, ४ फुंक म, ४ ओढ प, ५ ओढ कोमल नी, ६ फुंक तार सा. कोमल नी आयता मिळतो, म्हणून ब्लूजवाले असं उलटं धरतात.

कोमल ग मात्र ३ ओढ अर्धा स्वर दाबून काढावा लागतो, आणि खरी मेख तिथेच आहे. ओढीचा सूर त्याच भोकातल्या फुंकेच्या सुराच्या जरा वरपर्यंतच उतरतो. ३ मध्ये दोहोंत चार अर्धस्वरांचं अंतर, त्यामुळे मधे तीन थांबे; सूर हमखास घसरून रे वर जातो. ४ मध्ये एकच थांबा (तीव्र म), म्हणून सुरुवात तिथून करा. ओठ तसेच ठेवून तोंडात 'ई' वरून 'ऊ' वर या, जीभ मागे न्या. श्वासाचा जोर वाढवायचा नाही. ५ ओढीवर पूर्ण अर्धस्वर उतरतच नाही. तिथे जोर लावला की रीड थकते, बेसूर होते, शेवटी तुटते.

सनी बॉयची गंमत नुसत्या दाबात नाही. ओळ गायची आणि शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच वाद्याने उत्तर द्यायचं. आवाज कुठे थांबला ते कळू नये. साथीला मागे बसणारं हे वाद्य त्याने गायकाच्या बरोबरीला आणलं. लिटल वॉल्टर, ज्युनियर वेल्स हे पुढचे माउथ ऑर्गनवादक याच वाटेने आले. त्यांच्यासारखाच वादक बिली बॉय अर्नोल्ड तर पोरवयात थेट त्याच्या घरी शिकायला गेला होता.

कृष्णाकाठ, सांगली
डायटॉनिकवर २ ओढ नुसती घुसमटते. वाद्य खराब का? आणि आपल्या पावसाळ्यात लाकडी चालेल?

पेटीवाला_मिरज
बहुधा वाद्य ठीक आहे, घसा आवळला जातोय. जांभई देताना मोकळा होतो तसा ठेवून हळू ओढा. तरीही अडलं तर खालचं झाकण काढून (ओढीच्या रीड तिथे असतात) रीडच्या टोकाशी फट बघा. साधारण रीडच्या जाडीएवढी हवी.

मरीन बँड या लाकडी मॉडेलचा मधला भाग पेअरच्या लाकडाचा. दमट हवेत फुगून बाहेर येतो, ओठ सोलतो. शिवाय जुन्या बनावटीत रीड बसवलेल्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या, उघडायची कटकट. सुरुवातीला प्लास्टिकवाला स्पेशल २० हा मॉडेल बरा. आवाज वाढावा म्हणून लाकडी वाद्य पाण्यात बुडवण्याचा सल्ला मिळेल, ऐकू नका. वाळताना लाकूड तडकतं. वाजवून झालं की भोकं खाली करून तळहातावर आपटा आणि अर्धा तास उघडं ठेवून मगच डबीत घाला.