घरच्या आजाऱ्याचं करणाऱ्याला सरकारने पैसे द्यावेत का?

रात्रपाळी (धागा यांचा)
सासूबाईंना अर्धांगवायू होऊन हे चौथं वर्ष. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. एकदा चुकलं आणि माकडहाडापाशी जखम झाली, ती भरायला अडीच महिने गेले. रुग्ण सांभाळायला बायका पाठवणाऱ्या ब्युरोची ताई सकाळी 8 ते रात्री 8, रोजचे 800. रात्र माझी. शाळेतली नोकरी सोडली. 70 वर्षांपुढच्यांचं आयुष्मान कार्ड 2024 साली आलं, तेही काढलं. 5 लाखांचं आहे, पण दवाखान्यात दाखल केलं तरच. घरी डायपरचा एक पुडाही त्यात बसत नाही. केरळात 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणावरच्या माणसाचं करणाऱ्याला महिना 600 रुपये ठरलेत. तुटपुंजे आहेत, पण हे काम आहे एवढं तरी मान्य होतं. आपल्याकडे का नको?

दापोलीकर
ताई, राग मानू नका, पण आईबापाचं करायचे पैसे? उद्या नातू आजोबांना पाणी देताना मीटर टाकेल. आणि 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहेच की. जी मुलं बघत नाहीत त्यांच्याकडून महिना 10 हजारांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो.

रात्रपाळी
तो कायदा मीही वाचलाय. त्यात मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सुनेचं नावच नाही. करते मात्र तीच. तुमच्याकडे कोण करतं?

दापोलीकर
बायको. पण तिने कधी तक्रार केली नाही.

फिजिओ_सातारा
मी रोज अशा चार-पाच घरांत जातो. भत्त्याला माझाही विरोध आहे, कारण वेगळं. 600 रुपयांत ब्युरोच्या ताईचा एक दिवसही निघत नाही. उलट 'तुला पैसे मिळतात ना' म्हणून घरची बाई त्या खोलीत कायमची अडकते. केरळकडून घ्यायचंच तर दुसरं घ्या. कोझिकोडला 1993 साली वेदनाशामक उपचारांपासून सुरुवात झाली, पुढे गावचे स्वयंसेवक आले आणि 2008 मध्ये राज्याने धोरणच केलं. तिथे पंचायतीच्या पैशावर नर्स पिशवी घेऊन घरी येते, लघवीची नळी बदलते, जखमेचं ड्रेसिंग करते, घरच्यांना शिकवते. पैसे नकोत, माणूस पाठवा.

चाकखुर्ची
सगळे सांभाळणाऱ्यांबद्दलच बोलताय. मी 34 चा, मानेखाली हालचाल नाही. मला लघवीला कधी न्यायचं ते वहिनीच्या कुकरवर ठरतं. ती वाईट नाही, तिला वेळ नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात कलम 24 वाचा. जास्त आधार लागणाऱ्यांना मदतनीस भत्ता म्हटलंय, म्हणजे तो माझा, माझं करणाऱ्याचा नाही. तो हातात आला तर माणूस मी ठेवीन, नाही पटला तर मीच बदलीन. सुनेचे उपकार की मुलाचं कर्तव्य, हा वाद तुमचा तुम्ही घाला.

शनिवारपेठ
आम्ही आईला संस्थेत ठेवलं. नातेवाईक अजून नावं ठेवतात. त्यातल्या एकानेही एक रात्र काढलेली नाही. पुढे काही लिहीत नाही.

रात्रपाळी
@चाकखुर्ची, कलमाचं पटलं. सासूबाईंच्याच नावावर द्या, त्यांना बोलता येत नसलं तरी डोळ्यांनी बरोबर सांगतात कोणती बाई नको ते.
@फिजिओ, माणूस पाठवायचं तर शिकवून पाठवा. ब्युरोची पहिली बाई आली तिने त्यांना उठवताना लुळा हात धरून ओढला. खांदा निखळला. तेव्हापासून त्या बाजूला नुसतं ब्लाउज घालायचं तर पंधरा मिनिटं लागतात, आणि ते मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. मलाच आता कुणावर सोपवता येत नाही, हेही खरं.