मदत हवी आहे : घरी साठलेल्या वापरलेल्या इंजिन ऑइलची विल्हेवाट

नमस्कार. मोटारीचे व दुचाकीचे ऑइल मी कोथरूडला घरीच बदलतो आणि निघालेले काळे ऑइल झाकणबंद कॅनमध्ये भरून ठेवतो. आता त्या कॅननी बाल्कनीचा कोपरा अडवला आहे.

घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते व ते अधिकृत पुनर्प्रक्रिया उद्योगाकडेच जावे अशी अपेक्षा आहे, त्यामुळे गटारात ओतून ते मुठा नदीपर्यंत पोहोचवण्याचा प्रश्नच नाही. एका भंगारवाल्याने पैसेही देऊ केले होते, परंतु हे ऑइल पुढे बांधकामावर सेंट्रिंगच्या (काँक्रीटच्या साच्याच्या) फळ्यांना लावतात, असे त्यानेच सहजपणे सांगितल्यावर मी नकार दिला.

पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये घरगुती ग्राहकाकडून इतके थोडे ऑइल स्वीकारून ते अधिकृत संकलकालाच देणारे, आणि शक्यतो पोच देणारे, गॅरेज कोणाच्या माहितीत आहे का? ब्रेक फ्लुइड मी वेगळ्या बाटलीत ठेवले आहे, कारण ते मिसळल्यास ऑइलचे शुद्धीकरण अवघड होते. तेही तेथे घेतात का? जुने फिल्टर उपडे ठेवून पूर्ण निथळवले आहेत, तेही सोबत द्यावेत की वेगळे? कृपया प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कळवावे.