नेमबाजीसाठी नंबरचा सेफ्टी चष्मा पुण्यात कुठे मिळेल? तातडीने हवा आहे

रानजाई
मंडळी, मदत हवी आहे. नेमबाजीसाठी नंबरचा सेफ्टी चष्मा करून घ्यायचाय. सरांनी बजावलंय की पुढच्या आठवड्यापासून तो नसेल तर लेनवर उभं राहू देणार नाही. मी म्हटलं, मला चष्मा आहेच की. तर म्हणाले, हा चालणार नाही. लक्ष्मी रोडवरची दुकानं पालथी घातली. एक म्हणतो कुठल्याही फ्रेममध्ये पॉलिकार्बोनेट (न फुटणारं प्लास्टिक) बसवून देतो, दुसरा म्हणतो असल्या गॉगलमध्ये नंबर बसतच नाही. ऑनलाइन दिसतात ते सगळे बिननंबरी. कृपया "डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा" असं लिहू नका, विचारून झालंय. दुकान आणि अंदाजे खर्च सांगा.

लॉकनट
कुठली नेमबाजी? एअर रायफल, पिस्तूल की ट्रॅप (उडत्या चकत्या टिपायच्या ती)? नंबर किती? एवढं तरी लिहा की.
मी ट्रॅप खेळतो, त्यावरून सांगतो. आमच्यात गाल दस्त्याला टेकतो, मान पुढे झुकते आणि नजर काचेच्या मधून न जाता वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते. नेहमीच्या चष्म्याचा वरचा काठ नेमका तिथे आडवा येतो. म्हणून फ्रेम उंच बसणारी हवी आणि काचेचा ऑप्टिकल सेंटरही (जिथून सर्वांत स्पष्ट दिसतं तो बिंदू) त्या कोपऱ्याकडे सरकवून घ्यावा लागतो. शिवाय फुटलेल्या क्ले टार्गेटचे तुकडे उडतात, त्यामुळे काच मोठी हवी. पिस्तुलाला यातलं बरंच काही लागत नाही.

पर्वतीपायथा
लेसिक करून टाका, चष्म्याची कटकटच संपेल. माझ्या भाच्याने केलं, आता मजेत आहे.

रानजाई
@लॉकनट, २५ मीटर पिस्तूल, पॉइंट टू टू (.२२ बोअर). बालेवाडीला. उजव्या डोळ्याचा नंबर −२.२५, सिलिंडर −०.५०. डावा थोडा कमी.
@पर्वतीपायथा, ऑपरेशन करायचं नाहीये.

सेफ्टीचा_माणूस
ताई, चाकणला कारखान्यात सुरक्षेचं काम पाहतो. "कुठल्याही फ्रेममध्ये पॉलिकार्बोनेट" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. काच फुटणार नाही हे खरं, पण साध्या फ्रेमची खाच उथळ असते. जोराचा मार बसला की अख्खी काच मागे निसटून डोळ्यावर येते. फ्रेमसुद्धा त्याच दर्जाची हवी. अमेरिकी मानक असेल तर फ्रेमवर झेड ८७-२ अशी खूण असते, त्यातला २ हा नंबरच्या चष्म्याच्या फ्रेमसाठी. काचेवर अधिकचं चिन्ह असेल तर ती जोराच्या आघाताच्या चाचणीला उतरलेली. युरोपी मालावर ईएन १६६ आणि एफ हे अक्षर बघा. एफ म्हणजे सहा मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारून केलेली चाचणी. आपल्याकडचं मानक आयएस ५९८३. खूण नसेल तर दुकानदाराच्या तोंडी हमीवर जाऊ नका. काचेची मधली जाडी निदान दोन मिलिमीटर ठेवायला सांगा. मायनस नंबरची काच मधे पातळ करून देण्याची दुकानदारांना सवय असते.

आरपार
एवढा कारखाना कशाला मांडताय? पिस्तूलवाले सगळे नॉब्लॉख नाहीतर चॅम्पियन कंपनीचा नेमबाजीचा चष्मा वापरतात. एकाच डोळ्यासमोर गोल काच, ती हवी तशी फिरवून नजरेच्या सरळ रेषेत आणता येते. पुढे आयरिस (भोक लहानमोठं करता येणारी चकती) लावला की भोक बारीक करून फ्रंट साइट (पिस्तुलाच्या टोकावरचा नेमाचा खुंट) आणि टार्गेट दोन्ही स्पष्ट दिसतात. तोच घ्या, दुसरा विचार नको.

सेफ्टीचा_माणूस
@आरपार, त्याने डोळ्याचं रक्षण कसं होणार? ३७ मिलिमीटरची काच, बाजूला सगळं उघडं, दुसऱ्या डोळ्यापुढे नुसती पट्टी. ताईंचे सर संरक्षणासाठी चष्मा मागतायत, तुम्ही नेम सुधारायचं साधन सुचवताय.

आरपार
१० मीटरला मी वर्षानुवर्षं तोच वापरतोय, डोळे शाबूत आहेत.

लॉकनट
१० मीटर एअर पिस्तुलाची गोष्ट वेगळी. पॉइंट टू टूच्या सेमी-ऑटोमॅटिकमधून गरम पुंगळी उजवीकडे उडते. ताईंच्या डावीकडच्या लेनवाल्याची पुंगळी थेट ताईंकडे येणार. चष्म्याच्या वर फट असेल तर पुंगळी भुवई आणि काचेच्या मधे अडकते, मी पाहिलंय. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमातही न फुटणारा चष्मा वापरावा असा आग्रह आहे.

बाणेर_रहिवासी
बालेवाडी म्हटलं की अभिमान वाटतो. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे तिथेच सराव करून २०२४ला पॅरिसहून ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं ब्राँझ घेऊन आला. रेंजला जाताना संध्याकाळी हायवेकडून येऊ नका, ट्रॅफिकमध्ये अर्धा जीव जातो. आणि एक विचारायचं होतं, एअर पिस्तुलाला लायसन लागतं का? मुलाला घ्यायचंय.

लॉकनट
@बाणेर_रहिवासी, ४.५ मिलिमीटरपर्यंतचा बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची शक्ती असेल तर लागत नाही. वेगळा धागा काढा, इथे ताईंचं राहून जाईल.

पर्वतीपायथा
काच कुठलीही घ्या, ब्लू कट कोटिंग मात्र नक्की करा.

नेत्रा_औंध
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. रानजाई, वय किती? वाचायला वेगळा नंबर लागतो का? सध्याचा चष्मा कोणत्या प्रकारचा?

रानजाई
वय ४८. प्रोग्रेसिव्ह आहे, ॲड (वाचायचा जादा नंबर) +१.७५. त्याचा इथे काय संबंध? मला फक्त दुकान हवंय. आणि ब्लू कटचं मी विचारलेलं नाही.

नेत्रा_औंध
संबंध आहे, आणि तो मोठा आहे. दुकान आधी ठरवलंत तर दुकानदार हाच प्रोग्रेसिव्ह नंबर सेफ्टी फ्रेममध्ये घालून देईल आणि पैसे वाया जातील.

टार्गेट २५ मीटरवर, फ्रंट साइट हाताच्या टोकाला. पिस्तुलात धारदार दिसायला हवी ती फ्रंट साइट, टार्गेट जरासं धूसर चालतं. विशीतला डोळा हे आपोआप साधतो. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचा फोकस जमत नाही. प्रोग्रेसिव्हमध्ये लांबचं वर, वाचायचं खाली आणि मधल्या अंतराची पट्टी अरुंद असते. फ्रंट साइट स्पष्ट करायची तर तुम्हाला हनुवटी उचलून ती पट्टी शोधावी लागते. दर शॉटला मान वेगळी, मग नेम स्थिर कसा राहणार? म्हणून या चष्म्यात सिंगल व्हिजनच (अख्ख्या काचेत एकच नंबर) हवं.

आता नंबर. रेंजवर सरांना टेपने डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर मोजायला सांगा. समजा ८५ सेंटिमीटर आलं. त्या अंतरावर पूर्ण फोकस करायला सुमारे +१.१८ लागेल. तेवढा दिला तर फ्रंट साइट लख्ख, पण टार्गेटचा काळा गोल विरघळतो. म्हणून लांबच्या नंबरात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळवतात, +०.५० किंवा +०.७५. म्हणजे उजव्याला −१.७५ किंवा −१.५०, सिलिंडर आहे तसाच. दोन्ही ट्रायल फ्रेममध्ये घालून बघा. दुकानात पिस्तूल नेऊ नका, पुठ्ठ्यावर साइट काढून तेवढ्याच अंतरावर धरा आणि लांबच्या भिंतीवर काळा गोल चिकटवा. डाव्या डोळ्याला लांबचा नंबर राहू द्या. तो डोळा मिटून नेम धरू नका, दोन्ही उघडे ठेवले की ताण कमी येतो. डाव्यापुढे अर्धपारदर्शक ब्लाइंडर (नजर अडवणारी पट्टी) लावा, नियमाने तो ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको.

काचेबद्दल: पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स (तसंच न फुटणारं दुसरं प्लास्टिक). ट्रायव्हेक्समधून कडेलाही स्वच्छ दिसतं, रंगांची झालर कमी. पिस्तुलात चेहरा वळवून काचेच्या मध्यापासून थोडं बाजूने बघितलं जातं, म्हणून मी ट्रायव्हेक्स सुचवेन.

सेफ्टीचा_माणूस
काचेबाबत असहमत. पॉलिकार्बोनेटचे चाचणी केलेले तयार सेट सहज मिळतात. −१.७५ला कडेची झालर कितीशी दिसणार?

नेत्रा_औंध
या नंबरला फरक थोडाच, मान्य. खूण असलेली फ्रेम पॉलिकार्बोनेटमध्येच मिळत असेल तर तीच घ्या. मात्र फार वळलेला रॅपअराउंड गॉगल नको, त्यात नंबर बसवताना वेगळं गणित करावं लागतं आणि प्रत्येक लॅब ते करत नाही.

आरपार
आणि रोजच्या टाकाऊ कॉन्टॅक्ट लेन्स, वर बिननंबरी सेफ्टी चष्मा? सोपं आणि स्वस्त.

रानजाई
माझे डोळे कोरडे आहेत, लेन्स टिकत नाही.

@नेत्रा, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. हनुवटी उचलते म्हणून सर रोज ओरडतात आणि मी मानेचे व्यायाम करत बसले होते. उद्या अंतर मोजते. पण हे सगळं करून देणारा माणूस कुठे गाठू? दुकानात हे बोलले तर कोणी ऐकून घेत नाही.

लॉकनट
भोसरी एमआयडीसीत कारखान्यांना नंबरचे सेफ्टी चष्मे पुरवणारे आहेत, फ्रेम तिकडे बघा. प्रिस्क्रिप्शन मात्र आधी वेगळं लिहून घ्या. साइड शील्ड असलेलीच फ्रेम सांगा, आणि भुवईपाशी फट राहते का ते घालून बघा. खर्च फ्रेमवर आहे, इथे आकडा टाकून उपयोग नाही.

सेफ्टीचा_माणूस
माझ्या ओळखीचे एक पुरवठादार आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. ऑर्डर देण्यापूर्वी फ्रेमवरच्या खुणेचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.

रानजाई
टाकते. नेत्रा, आज रेंजवर सरांनी मोजलं, अंतर ८८ सेंटिमीटर आलंय. मग +०.५० की +०.७५?

नेत्रा_औंध
ट्रायलमध्ये आधी +०.५० घाला. फ्रंट साइटच्या कडा काळ्या, सरळ दिसल्या तर तिथेच थांबा.