'दुर्मिळ' कॅन्सर म्हणायचं का?

कृष्णाकाठ
मिरजेतल्या एका डॉक्टरांसाठी पेशंटला द्यायचं पत्रक मराठीत करतेय. विषय, प्रोस्टेटचे (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचे) रेअर कॅन्सर. 'दुर्मिळ' लिहिलं तर सासरे म्हणाले, "दुर्मिळ म्हणजे मिळता मिळत नाही ते. शिवराई होन दुर्मिळ. हा रोग कोण शोधत फिरतंय?" 'विरळ' म्हटलं की केस आठवतात.

माणदेशी
'क्वचित होणारा' लिहा. 'दुर्धर' मात्र नको. दुर्धर म्हणजे बरा व्हायला कठीण. पेपरवाले दोन्ही एकच समजतात.

वाईकर_जुना
'दुर्मिळ' हा शब्दच भेसळीचा. उपसर्ग संस्कृत, 'मिळ' मराठी. 'दुर्लभ' लिहा. आणि प्रोस्टेट काय? पुरःस्थ ग्रंथी!

माणदेशी
मिल् धातू संस्कृतच आहे, काका. आणि 'दुर्लभ' तर दर्शन असतं.

कृष्णाकाठ
खरी अडचण पुढेच आहे. त्यातल्या 'स्मॉल सेल' प्रकाराला मी 'लहान पेशींचा कर्करोग' केलं. कच्चा मसुदा शेजारच्या मामांना वाचायला दिला. चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "ल्हान हाय म्हंजे बरं हाय की!" पोटात गोळाच आला. हा तर झपाट्याने पसरणारा. त्यात पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठी रक्तात तपासतात ते प्रथिन, वाढेलच असं नाही, म्हणजे रक्ताचा रिपोर्ट बघून घरचे निर्धास्त. नेहमीचा कॅन्सर ग्रंथीपेशींचा, त्याला हार्मोनच्या इंजेक्शनांनी आवर बसतो. याला तेवढ्याने बसत नाही, केमो लागते. सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन, जोडीला इटोपोसाइड.

तासगावची_द्राक्षं
मग 'स्मॉल सेल'च ठेवा आणि खाली लिहा: नावात लहान असला तरी आजार लहान नाही. आमच्या वडिलांना बायोप्सीचा कागद कुणी असा समजावला असता, तर आम्ही तीन आठवडे घरी बसलो नसतो.

वाईकर_जुना
कागदाचं ऐकून वाईट वाटलं. पण इंग्रजी ठेवणं म्हणजे हात टेकणं. विश्वकोशाच्या गावचा आहे मी, एवढं बोलणारच. ग्रीक 'प्रोस्टाटेस' म्हणजे पुढे उभा असणारा, म्हणून पुरःस्थ. किती चपखल!

औंधकर
उसनं भाषांतरच ते. सुश्रुताची 'अष्ठीला' घ्या. वाताष्ठीलेत लघवी तुंबते, हे त्याने लिहून ठेवलंय.

माणदेशी
ती दगडासारखी गाठ हो, ग्रंथी नव्हे. आमच्याकडे म्हातारे सरळ 'लघवीची गाठ' म्हणतात.

वाईकर_जुना
आणि कॅन्सर नसताना नुसती ग्रंथी वाढली, तर तीही लघवीची गाठच! कसं ओळखायचं?

कृष्णाकाठ
पत्रक सोमवारी छापायला जायचंय. सार्कोमाचं, म्हणजे स्नायूंसारख्या ऊतींतून निघणाऱ्या कॅन्सरचं, तर अजून विचारलंच नाही.

वाईकर_जुना
पुरःस्थमधला विसर्ग तेवढा खाऊ देऊ नका छापखान्याला.