बेटावर दोन दिवस, १४ जण, स्थलांतराचा हंगाम: वेळापत्रक तपासून द्याल का?

चिखलपाऊल (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. पक्ष्यांच्या परतीच्या स्थलांतरात पक्षी बघायला आम्ही १४ जण शुक्रवार दुपार ते रविवार दुपार किनाऱ्यालगतच्या एका छोट्या बेटावर जातोय. त्यातले पाच जण अगदी नवे आहेत. स्कोप (तिपाईवर लावायची एकनळी मोठी दुर्बीण) एकच, ८० मिमीचा, २० ते ६० झूमचा. बाकी सगळ्यांकडे ८×४२ किंवा १०×४२ दुर्बिणी.

बेटाच्या पश्चिमेला, मुख्य जमिनीच्या बाजूने, चिखलाचा रुंद पट्टा आहे. पूर्वेला खडक आणि खुला समुद्र, मध्ये झुडपं आणि थोडी झाडी. दक्षिण टोकाला वाळूचा दांडा आहे, तो ओहोटीला लांबवर उघडा पडतो. अमावस्या शुक्रवारी. पूर्ण भरती शनिवारी ११:१० ला, रविवारी साधारण १२ ला. सूर्योदय ६:२५.

सध्याचा बेत: पहाटे दांड्यावर चालत जायचं, ८ ते १० नाश्ता, दुपारी झाडी, संध्याकाळी ५ ला चिखल. रविवारी ३ च्या होडीने परत. काय चुकतंय?

उधाणभरती

तारखा उत्तम निवडल्या आहेत, पण घड्याळ उलटं लावलंय. संध्याकाळी ५ ला पूर्ण ओहोटी असेल. तेव्हा चिखलावरचे पक्षी पाण्याच्या कडेला, म्हणजे तुमच्यापासून सगळ्यात लांब, विखरून चरत असतील. स्कोपमधूनही ते तांदळाच्या दाण्याएवढे दिसतील, शिवाय मावळता सूर्य तोंडावर. सकाळी मात्र सूर्य पाठीशी आणि पाणी चढतं. तुमची खरी वेळ ती.

शनिवारी ८:४० ला, म्हणजे भरतीच्या अडीच तास आधी, चिखलाच्या काठावर बसलेले असा. चालत जाऊन पोहोचायचं नाही, आधीच बसलेलं असायचं. पाणी वर सरकतं तसे पक्षी आपणहून तुमच्याकडे ढकलले जातात. तुम्ही न हलता त्यांनी जवळ येणं आणि तुम्ही चालत त्यांच्या जवळ जाणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. आधी लांब पायांचे पाणटिवळे आणि कोरल पोटापर्यंत पाण्यात उभे दिसतील. चिखले आणि छोट्या तुतारी (हेही चिखलात चरणारे पक्षी) उरलेल्या ओल्या पट्टीवर दाटीवाटीने येतील. साडेदहाच्या पुढे बहुतेक सगळे चरणं थांबवून एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून उभे राहतील. मोजायला आणि शेजारीशेजारी तुलना करायला तीच वेळ.

उधाण (अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती) असल्यामुळे जवळजवळ सगळा चिखल झाकला जाईल, हा मोठा फायदा. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान) भरतीला पाणी अर्ध्यातच थांबतं आणि पक्षीही तिथेच लांब थांबतात. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे रविवारी साडेनऊला बसलात तरी चालेल.

आता वाळूचा दांडा. पहाटे ५ च्या ओहोटीनंतर पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर सहा तासांत ते १, २, ३, ३, २, १ असे चढतात. चढ ४ मीटरचा असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी १ मीटर. जिथे ५०० मीटरला १ मीटर उतार आहे, तिथे पाण्याची कड त्या तासांत मिनिटाला ८ मीटरच्या वर सरकते. शिवाय दांड्याची मधली जागा बहुतेक वेळा टोकापेक्षा खोल असते. पाणी समोरून येतंय असं वाटतं आणि मागची खाडी आधी भरलेली असते. ७ नंतर तिथे कोणी असता कामा नये. आणि भरतीला पक्षी जर त्याच दांड्यावर बसणार असतील, तर मुळात जाऊच नका.

पाठवारा

भरतीचं वर नेमकं आलंच आहे. मी झाडीबद्दल लिहितो, कारण बेटावर येण्याचं निम्मं कारण झाडी आहे आणि तुम्ही ती दुपारवर ढकलली आहे.

वटवटे, माशीमार, कस्तुर यांच्यासारखे छोटे पक्षी बहुतांशी रात्री उडतात आणि उजाडताना उतरतात. समुद्र ओलांडून आलेल्याला पहिली जमीन दिसते ती बेटाची. पहिले दोन तास ते अधाशासारखे खातात, मग दाट पानांत शिरतात किंवा पुढे निघतात. दुपारी तीच झाडी रिकामी वाटेल. म्हणून ६ ते ८:१५ झाडी, मग चिखल. वाऱ्याच्या आडोशाची आणि पहिलं ऊन पडणारी कड आधी बघा, कारण किडे तिथेच आधी हलायला लागतात. जमिनीकडेही नजर ठेवा. थकलेला पर्णवटवट्या झुडपाच्या बुंध्याशी, पिसं फुगवून, माणसापासून हाताच्या अंतरावर उड्या मारत किडे टिपत असतो. तो माणसाळलेला नसतो, त्याच्याजवळ उडून जाण्याएवढी ताकद उरलेली नसते. अशा वेळी दोन पावलं मागे.

किती पक्षी उतरतील हे रात्रीच्या हवेवर आहे. आकाश निरभ्र आणि वारा पाठीशी असेल तर ते बेटावरून थेट पुढे जातात. निघताना हवा चांगली आणि मध्यरात्रीनंतर पाऊस, धुकं किंवा समोरून वारा, असं झालं की मिळेल त्या पहिल्या जमिनीवर उतरतात. म्हणून फक्त बेटाचा अंदाज पाहू नका. पक्षी जिथून निघतात तिकडची संध्याकाळची हवा आणि बेटावरची पहाटेची हवा, दोन्ही बघा.

झुडपं कमी आहेत म्हणून खंतावू नका. उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटावर १९१० पासून पक्षी-केंद्र आहे. झुडपांवर उभारलेला जाळीचा निमुळता सापळा जगभर त्याच बेटाच्या नावाने ओळखला जातो. उघड्या बेटावर आडोसा जितका थोडा, तितके पक्षी त्यातच एकवटतात.

एक विनंती. मुक्कामाच्या जागी रात्री बाहेरचे दिवे बंद ठेवा, पडदे लावा. ढगाळ रात्री प्रकाशाकडे ओढले जाऊन पक्षी घिरट्या घालत राहतात आणि आपटतातही. आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणं या दिवसांत पूर्ण वर्ज्य.

चिखलपाऊल

डोळे उघडले. बेत असा बदलतो: ६ ते ८:१५ झाडी, ८:४० ते १२ चिखल, दुपारी आराम, ४ नंतर पूर्वेचे खडक. दोन शंका. १४ जणांना एका स्कोपवर कसं सांभाळायचं? आणि बसलेल्या थव्याच्या किती जवळ जाता येईल?

तिपाई

झाडीत ७-७ चे दोन गट करा आणि उलट दिशांनी फिरा. १४ जणांची रांग अरुंद वाटेवरून गेली की पक्षी पहिल्या तिघांनाच दिसतो. प्रत्येक गटात पुढे एक जाणता, शेवटी एक जाणता. नवे पाच जण दोन्हींत वाटून द्या.

चिखलावर उलट करा, सगळे एकत्र आणि खाली बसलेले. क्षितिजावर उभा माणूस पक्ष्यांना लांबून खटकतो. आणखी एक स्कोप कुठूनही मिळवा. सात माणसांमागे एक हे प्रमाण जमतं, चौदामागे एक नाही. तिपाईची उंची सगळ्यात बुटक्या माणसाला धरून लावा. दर वेळी उंची बदलली की पक्षी चौकटीतून जातो. पहिल्या फेरीत प्रत्येकाला १० सेकंद, सगळ्यांचं बघून झालं की मग निवांत दुसरी फेरी. झूम २५-३० वर ठेवा. ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरते आणि ६० वर फक्त थरथर मोठी दिसते. वारा असेल तर तिपाईचे पाय फाकवून खाली बसवा, मधला दांडा वर काढू नका.

“तो बघा, तिकडे” याने कुणालाच काही सापडत नाही. आधी एक ठळक खूण ठरवा (खांब, खडक, नांगरलेली होडी), मग “खांबाच्या उजवीकडे, दोन दुर्बीण-चौकटी, पाण्याच्या कडेला” असं सांगा.

अंतराचा ठरीव आकडा नाही. १५०-२०० मीटरवर थांबा आणि पक्ष्यांकडून उत्तर घ्या. खुपसलेल्या चोची बाहेर आल्या, माना उंचावल्या, एका पायावरचे दोन पायांवर आले, की तुम्ही फार जवळ आहात. तिथेच थांबा, हळू मागे या. ते पाण्याकडे चालू लागेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. थवा एकदा उठला की भरतीला दुसरी कोरडी जागा नसते, आणि साठवलेली चरबी घिरट्यांत जळते. २०२२ साली एक पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा, वय जेमतेम पाच महिने, अलास्काहून न थांबता १३,५६० किमी उडून ११ दिवसांत टास्मानियाला पोहोचला. असा प्रवास चरबीवरच होतो. बहिरी ससाण्याने थवा उठवला तर उठवू द्या, आपण उठवायचा नाही.

मीठपाणी

पूर्वेच्या खडकांवर भिंगांवर तुषार येणारच. वाळले की मिठाचे बारीक खडे उरतात आणि कोरड्या फडक्याने पुसलं की लेपावर ओरखडे पडतात. आधी गोड्या पाण्याने धुवा, मग टिपून घ्या. दुर्बीण जलरोधक आहे याची खात्री नसेल तर ओलं फडकं नुसतं ठेवून मीठ विरघळू द्या. माणशी दोन स्वच्छ फडकी, प्लास्टिकच्या पिशवीत. ओल्या शेवाळावर पाऊल टाकू नका, आणि लाटेने भिजलेल्या खडकाच्या वरच बसा.

मोजदाद

नोंदींचं कोणी बोललं नाही. दोन्ही गटांत एकेकाने ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींचं ऑनलाइन व्यासपीठ) यादी करावी आणि ती इतरांना शेअर करावी. सात जणांनी सात याद्या भरल्या तर तोच थवा सातदा नोंदला जातो. झाडी, चिखल आणि खडक यांच्या याद्या वेगळ्या ठेवा.

मोठा थवा डोळ्यांनी एकदम मोजू नका. ५० पक्षी नीट मोजा, ते स्कोपच्या चौकटीत किती जागा व्यापतात ते बघा, मग तो तुकडा थव्यावर ठेवत जा. तिघांनी स्वतंत्र मोजून मगच आकडा बोलावा, नाहीतर पहिल्याने उच्चारलेलाच आकडा सगळ्यांचा होतो. थव्याचा आकडा माहीत, पण जाती मिसळलेल्या, असं झालं तर १००-१०० च्या दोन-तीन तुकड्यांत जातींचं प्रमाण काढा.

छोट्या तुतारींवर नव्यांना लगेच नाव सांगायची घाई नको. या हंगामात प्रौढ पक्षी आधी येतात, पिल्लं काही आठवड्यांनी, त्यामुळे झिजलेली आणि कोरी पिसं शेजारीशेजारी दिसतात. पाठीवरच्या प्रत्येक पिसाला स्वच्छ फिकट किनार असेल तर ते यंदाचं पिल्लू.

पायात (अभ्यासकांनी ओळखीसाठी लावलेली) रंगीत चकती दिसली तर तीन गोष्टी लिहून घ्या: पक्ष्याचा डावा पाय की उजवा (तुमचा नव्हे), सांध्याच्या वर की खाली, रंग आणि अक्षरं. एखादं अक्षर वाचता आलं नाही तर त्या जागी टिंब ठेवा, अंदाजाने भरू नका. एका अक्षराच्या चुकीने तो दुसराच पक्षी ठरतो.

उधाणभरती

परतीबद्दल राहिलं होतं. रविवारी ३ ला भरती ओसरून तीन तास झालेले असतील आणि उधाणाच्या ओहोटीला पाणी नेहमीपेक्षा खाली जातं. धक्क्याला तेव्हा होडी लागते का, हे होडीवाल्याला आजच विचारा. लागत नसेल तर १ ची होडी ठरवा, चिखल १२:१५ ला आवरावा लागेल. आणि ज्या वाऱ्यापावसाने पक्षी बेटावर उतरतात, त्यानेच होडी बंद राहते. एका जास्तीच्या रात्रीचं पाणी, कोरडं खाणं आणि प्रत्येकाची रोजची औषधं सोबत ठेवा, आणि सोमवारी सकाळी ज्याला कुठे हजर राहणं भागच आहे, त्याला हे निघण्याआधी स्पष्ट सांगा.