बागेतली चोरी : तुमचं काय गेलं, काय वाचलं?

कातळसडा (राजापूर)
परवा सकाळी शिंपणं करायला व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर गेलो, तर पंपाच्या जागी नुसतं काँक्रीट. दीड एचपीचा मोनोब्लॉक होता. चोराने चारही नट पान्याने सोडवले, पंप उचलला आणि नट परत बोल्टांवर फिरवून ठेवले. इतकं टापटिपीचं काम मी स्वतः कधी केलेलं नाही. दोन इंची फूटवॉल्व्ह, म्हणजे पाईपच्या पाण्यातल्या टोकाची झडप, तेवढी पाण्यातच ठेवून गेला.

चौकीवर पहिला प्रश्न: बिल आहे? होतं. फायलीतून काढलं तर कोरा कागद. त्या मशीनच्या गुळगुळीत कागदावरची छपाई उडून गेली होती, फक्त दुकानाचा शिक्का शिल्लक. पंपाचा नंबर? तो पंपावरच्या पट्टीवर होता, म्हणजे पंपाबरोबर गेला. जुना पंप म्हणून किंमत पाच हजारांच्या आत लागली आणि अदखलपात्र नोंद होऊन मी घरी आलो.

तर मंडळी, कोकणात बाग राखताना तुमचं काय काय गेलं आणि कशाने वाचलं ते सांगा. पंप, केबल, आंबा, काजू, काहीही चालेल. ‘आमच्या गावात असलं होत नाही’ एवढं मात्र लिहू नका, मीही गेल्या आठवड्यापर्यंत तेच म्हणत होतो.

वकिलीण
त्या पाच हजारांचं कारण आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 303(2) मध्ये पाच हजारांहून कमी किमतीच्या चोरीसाठी वेगळी तरतूद आहे: पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर शिक्षा म्हणून समाजसेवा. असा गुन्हा अदखलपात्र धरला जातो, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. म्हणून तक्रारीत फक्त ‘पंप’ लिहू नका. स्टार्टर, केबल, पाईप जे जे गेलं ते सगळं आजच्या किमतीसह लिहा. खोटं फुगवू नका, पण खरं गेलेलं विसरूही नका. आणि बिलाचा फोटो घेतल्या दिवशीच काढा.

माडाखाली (वेंगुर्ला)
माझी केबल दोनदा गेली. विहिरीपासून मीटरपेटीपर्यंत सत्तर मीटर तांब्याची तार. दुसऱ्या खेपेला मागच्या कातळावर जाळलेल्या आवरणाची काळी राख सापडली, तिथेच बसून सोलली होती लेकाच्यांनी. तिसऱ्यांदा ॲल्युमिनियमची टाकली. महिन्याभरात तीही एका जागी कापलेली मिळाली, आतून पांढरी दिसली तशी टाकून गेले. सांधा मारला, पंप चालू. एक लक्षात ठेवा, ॲल्युमिनियम तांब्याएवढी वीज वाहत नाही, दीडपटीहून जाड घ्यावी लागते आणि टोकाला लग (तार जोडायच्या धातूच्या टोप्या) नीट दाबून घ्यावे लागतात, नाहीतर सांधा तापून स्टार्टर जळतो. माझा एक जळला.

बोंडू (दोडामार्ग)
आमच्याकडे लोखंडाला कोण हात लावत नाही, काजूची बी जाते. झाडाखाली ताज्या बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा ढीग आणि एकालाही बी नाही, म्हणजे कोणीतरी पिळून नेली. वानर असं करत नाही, वानर बोंडू खातं आणि बी टाकतं! मार्च-एप्रिलमध्ये मी आणि सासूबाई उजाडायच्या आत पिशव्या घेऊन निघतो. आदल्या दिवशीची बी खाली राहिली तर ती आपली नाही असंच समजायचं. पोरं मूठभर बी देऊन कुल्फी खातात ते मी चोरीत धरत नाही, मीही खाल्लीय. पण पोतंभर बी रात्री नऊला विकायला आणणाऱ्याला ‘तुझी बाग कुठली रे?’ एवढं विचारायला बी घेणाऱ्याचं काय जातं?

झेला (देवगड)
आंब्याच्या कलमांची राखण आम्ही नेपाळी गड्यांवर सोपवतो. दिवाळीनंतर येतात, मांगरात (बागेतल्या खोपटात) राहतात, आंबा संपला की मे-जूनला जातात. आल्या आल्या त्यांच्या कागदपत्रांच्या प्रती पोलीस ठाण्यात आणि पोलीस पाटलांकडे देतो. संशय म्हणून नव्हे, उद्या काही झालं तर पहिलं बोट त्यांच्याकडेच दाखवलं जातं म्हणून.

चोरीचा आंबा ओळखायची एक खूण सांगतो. झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने उतरवलेल्या फळाला बोटाच्या पेराएवढा देठ असतो. अंधारात ओरबाडलेल्याचा देठ तुटतो, चीक सालीवर ओघळतो आणि दोन दिवसांत तिथे काळा चट्टा पडतो. एका सकाळी हायवेकडेच्या एका टेबलावर चार डझन असे चट्टेवाले हापूस बघितले. माझेच कशावरून? सिद्ध करता येत नाही. मुकाट्याने पुढे गेलो.

चाकरमानी (डोंबिवली, बाग गुहागरला)
मी सिमकार्डवाला सोलर कॅमेरा लावला. पहिल्या आठवड्यात फोन रात्रभर वाजत होता: फांदी हलली, मांजर गेलं, फांदी हलली. शेवटी आवाज बंद केला. जुलैत सलग ढग, बॅटरी मेली. गणपतीच्या आधी पुन्हा चालू झाला आणि त्यानंतर कॅमेराच चोरीला गेला. शेवटचं चित्र माझ्याकडे आहे, एका माणसाची हनुवटी आणि प्लास्टिकच्या इरल्याची कड. बायको म्हणते फ्रेम करा. पैशांत बोलायचं तर कॅमेऱ्याने वाचवलं काहीच नाही. आता ग्रास कटर आणि फवारणीचा पंप वाडीतल्या एका घराच्या पडवीत ठेवतो, वर्षाला दोन पेट्या आंबा देतो.

राखणदार
आम्ही दरवर्षी जागेच्या राखणदार देवाला राखण देतो, नारळ आणि कोंबडा. आजवर काही गेलं नाही.

माडाखाली (वेंगुर्ला)
@राखणदार, आम्हीही देतो हो. तरी केबल गेली दोनदा.

सडेकरी
कुंपणाच्या तारेला घरातला करंट सोडा, एक रात्र पुरते.

वकिलीण
@सडेकरी, कृपा करून असं करू नका, गमतीतही लिहू नका. चोर राहील बाजूला, पहाटे गुरं शोधायला निघालेलं माणूस चिकटेल आणि तुरुंगात तुम्ही जाल. झटका यंत्राचं कुंपण वेगळं. त्यात क्षणभराचे झटके असतात, सलग करंट नसतो.

खळं (मालवण)
आमचा पॉवर वीडर मांगराचं कुलूप तोडून नेला. शेजाऱ्याशी गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरून सहा वर्षं बोलणं नव्हतं. दीड हात जागेचा वाद, मोजणी होऊनही न मिटलेला. पोलीस पाटील त्याच्याकडे विचारायला गेले तेव्हा तो म्हणाला, “रात्री टेम्पो बघितलंय मी. बॅटरी मारून काय तरी चढवत होते. माका वाटला त्येंचीच माणसां. इचारूचा कसा? बोलाचा नाय ना.” त्याने टेम्पोचा रंग सांगितला, मागच्या फाळक्यावरचं चित्रसुद्धा सांगितलं. तेवढ्यावर तिसऱ्या दिवशी वीडर एका भंगारवाल्याच्या आवारात सापडला, इंजिन वेगळं करून. ओळख पटली ती हँडलवर मी वेल्डिंगने काढलेल्या सर्व्हे नंबरामुळे. बोलणं अजून नाही. पण परवा रात्री माझ्याच मांगराकडे माझीच बॅटरी हलताना दिसली तसा तो गडग्यापलीकडून खाकरला, मोठ्याने, दोनदा. मी पण खाकरलो.

कातळसडा (राजापूर)
वाचतोय, लिहीत राहा. नवा पंप आणला. नंबरपट्टीचा फोटो काढून मुलाला, भावाला आणि पाटलांना पाठवला, वेल्डिंगने नंबर काढायचा प्रकारही उद्या करतो. पंप एक एचपीचाच घेतलाय, रोज संध्याकाळी घमेल्यात घालून घरी आणता येतो. या छोट्या पंपाला दोन इंची फूटवॉल्व्ह उपयोगाचा नाही, कोणाला हवा असेल तर सांगा.